तीन नंबरच्या रॉडला रीळ कोणतं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या एका तरुणाने साडेसात फुटांचा, तीन नंबरच्या लाइनचा ट्राउट रॉड घेतलाय, म्हणजे थंड पाण्यातले ट्राउट मासे नकली माशी फेकून धरायचा, फ्लाय फिशिंगचा रॉड. एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर जायचा बेत आहे, पण रीळ अजून घ्यायचं राहिलंय. दुकानदार म्हणतो, पाच-सहा नंबरचं मोठं, सीलबंद डिस्क ड्रॅगचं, म्हणजे चकत्यांच्या बंदिस्त ब्रेकचं रीळ घ्या. पुढे मोठा रॉड घेतलात तर त्याला चालेल, आणि इकडे शेततळ्यात रोहूलाही कामाला येईल. मित्र म्हणतो, ट्राउटला रीळ म्हणजे नुसती दोर गुंडाळायची चकरी, सगळ्यात स्वस्त असेल ते उचल. ऐकायचं कोणाचं?

पूर्ण कोणाचंच नाही, पण मित्र खऱ्याच्या जास्त जवळ आहे. दुकानदाराचा सल्ला मात्र सरळ बाजूला ठेवा.

मी वाळूज एमआयडीसीत टर्निंगचं काम बघतो आणि उन्हाळ्यात सुट्टी जुळली की हिमाचल गाठतो. त्यामुळे रीळ हातात आलं की माझी नजर आधी मशीनिंगवर जाते, मग ब्रँडवर. हे सांगायचं कारण असं की रिळाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात ड्रॅगच्या ताकदीचाच गाजावाजा असतो. हलक्या ट्राउट रॉडला त्या ताकदीचा उपयोग जवळपास नाही. इथे बघायचं ते वजन, रिळाचा पाय, सुटताना लाइन अडखळते का, आणि स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळली जाते ती चकरी, किती खरा फिरतो. याच क्रमाने.

रॉडवरचा ३ हा आकडा लाइनच्या वजनाचा असतो. आपण गळाला शिसं बांधून टाकतो तेव्हा शिसं दोरीला ओढून नेतं. फ्लायमध्ये उलटं आहे: पिसं-धाग्याची माशी जवळपास बिनवजनाची, तिला लाइन ओढून नेते. म्हणून नंबर लाइनला. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन धरतात. ३ नंबरला १०० ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅम, आणि ५ नंबरला १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅम. साडेसहा ग्रॅमवर वाकायला बनवलेला हा रॉड स्वतः साधारण सत्तर-ऐंशी ग्रॅमचा. त्याच्या बुडाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचं रीळ म्हणजे बकरीवर बैलाची झूल.

जड रिळाने काय बिघडतं? एक तर मनगट. ओढ्यासारख्या पाण्यात तुम्ही लांब फेकत नाही, पण सारखं फेकता. दगडामागचा एकेक खळगा, दोन-तीन फेकी, पुढचा खळगा. दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळं वजन मुठीच्या मागे गेलं की टोक मुकं होतं. मागे फेकलेली लाइन सरळ झाली आणि रॉडने ताण घेतला, हे हाताला कळावं लागतं. त्याच क्षणी पुढे फेकायचं असतं. नवशिक्याला तर तेवढाच आधार. बूड जड झालं की तो इशारा दबतो, आणि माणूस रॉडला दोष देत बसतो.

यावर घरी करण्याजोगा एक उपाय सांगतो, दुकानात जाण्याआधी करा. दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. तेरा नाणी एका छोट्या पिशवीत घातली की शंभर ग्रॅम झाले. रॉड जोडा, ती पिशवी रीळ बसतं त्या जागी टेपने घट्ट बांधा आणि कॉर्कच्या मुठीखाली एकच बोट धरून रॉड आडवा तोला. फेकताना तुमचं पहिलं बोट किंवा अंगठा मुठीवर जिथे असतो, त्याच्या आसपास रॉड स्थिरावला पाहिजे. पुढे झुकला तर दोन नाणी वाढवा, मागे बसला तर काढा. मग नाणी मोजा. एक गोष्ट विसरू नका: हे वजन लाइन आणि बॅकिंग (लाइनच्या मागे, रिळाच्या तळाशी भरायचा दोरा) धरून आहे. त्या दोन्हींचे मिळून वीस-पंचवीस ग्रॅम होतात, ते वजा करा. उरलं ते रिकाम्या रिळाचं वजन. साडेसात फुटी तीन नंबरला हा आकडा बहुतेक वेळा ऐंशी ते शंभरच्या घरात येतो. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर झोप उडवून घेऊ नका. चाळीस-पन्नासचा फरक मात्र हाताला लागतो.

याला एक अपवाद आहे. आजकाल निम्फसाठी, म्हणजे पाण्याखाली बुडवून खेळवायच्या माशीसाठी, दहा-साडेदहा फुटी तीन नंबरचे रॉड निघालेत. नंबर तोच, पण लांबीमुळे टोक जड पडतं, आणि दिवसभर हात उंचावून रॉड आडवा धरायचा असतो. तिथे सव्वाशे-दीडशे ग्रॅमचं रीळच बरं. म्हणजे ‘तीन नंबरला हलकं रीळ’ हा नियम पाठ करून उपयोग नाही, रॉडची लांबी बघावी लागते. तुमचा साडेसात फुटी आहे, तुम्हाला हलकंच.

आता रिळाचा पाय. याबद्दल कोणी बोलत नाही आणि नेमकं इथेच अडतं. मोठ्या रॉडला रीळ आवळायला आट्यांची सीट असते. नट फिरवला की पाय गच्च. बऱ्याच हलक्या रॉडांना वजन वाचवायला आटे नसतात. कॉर्कच्या किंवा लाकडाच्या दांडीवर नुसत्या दोन सरकत्या कड्या असतात, किंवा एक टोपी आणि एक कडी. रिळाच्या पायाची दोन्ही टोकं त्यात दाबून बसवायची. यात पाय जाड असेल तर कडी चढत नाही, आणि फार उतरता असेल तर दिवसभरात हळूहळू सैल होते. मग मासा लागलेला असताना रीळ सुटून खडकावर आपटतं. म्हणून दुकानात जाताना रॉडचं खालचं जोड सोबत न्या. रीळ बसवा, कडी अंगठ्याने दाबा, रीळ धरून डावी-उजवीकडे पिळून बघा. हललं तर ते रीळ तुमच्या रॉडचं नाही. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेण्याची सोय बघूनच मागवा. पायाची टोकं कानसने उतरवता येतात, आमच्याकडे पोरं करून देतात, पण त्या जागचं एनोडायझिंग जातं आणि वॉरंटीही जाते. नव्या रिळावर कानस चालवायची वेळ येऊ नये.

ड्रॅगचा विषय जरा सावकाश घेऊ, कारण पैसे इथेच वाया जातात.

तीर्थनला लागणारी ट्राउट बहुतेक वेळा वीत-दीड वीत. ब्राउन असो की रेनबो, लागली की लांब पळत नाही. जवळच्या दगडाखाली किंवा फेसाळ धारेत घुसते. एवढ्या माशाला रिळावर खेळवतच नाहीत. लाइन रॉडच्या हाताच्या बोटाखाली दाबायची आणि दुसऱ्या हाताने हात-हात ओढायची. रिळाला कळतही नाही की मासा लागलाय. अधूनमधून एखादा मोठा निघतो, खालच्या धारेला वळतो, हातातली मोकळी लाइन संपते आणि रीळ फिरायला लागतं. रिळाची परीक्षा होते ती तेवढ्यापुरती.

त्या वेळी तुमच्या आणि माशाच्या मधला सगळ्यात नाजूक दुवा म्हणजे टिपेट, माशी बांधतात तो टोकाचा बारीक धागा. त्याची जाडी काढायची सोपी रीत: ११ मधून टिपेटच्या रिळावर छापलेला एक्सचा आकडा वजा करा, उरलेला आकडा म्हणजे इंचाचे हजारावे भाग. ६ एक्स म्हणजे ५ हजारांश इंच, म्हणजे ०.१२७ मिलिमीटर. डोक्याच्या केसापेक्षा फार जाड नाही. चांगल्या कंपनीचं असेल तर ते दीड किलोच्या आसपास तुटतं, आणि गाठीपाशी त्याआधीच. ड्रॅग त्याच्या पाव हिश्श्यापुढे नेऊ नये असा माझा हिशोब. म्हणजे साडेतीनशे-चारशे ग्रॅम झाले. आता खोक्यावर ‘पाच किलो ड्रॅग’ लिहिलेलं रीळ घेतलंत तर त्यातले साडेचार किलो तुम्ही कधीच वापरणार नाही. शिवाय बाकीचा धक्का रॉड सोसतोच. तीन नंबरचा रॉड कमानीसारखा वाकतो तो त्यासाठीच.

टिपेट तुटतं ते ड्रॅग कमी पडला म्हणून तुटत नाही. ते तुटतं रीळ फिरायला लागताना अडखळल्याने. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून ठेवले की ते हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा हलल्यावर सरकत ठेवायला कमी लागतो. खराब डिस्क ड्रॅगमध्ये हा फरक मोठा असतो. सुरुवातीला रीळ गच्च धरून बसतं, मग एकदम सुटतं. त्या पहिल्या झटक्यात ६ एक्स जातं. मोठ्या, ताकदवान ड्रॅगला अगदी सैल ठेवल्यावर नीट चालता येईलच असं नाही. तो घडवलाय वेगळ्या जोराच्या कामाला.

हे तपासायला पाण्याची प्लास्टिकची बाटली पुरते. बाटलीत शंभर मिलिलिटर पाणी घ्या. बाटलीसकट सव्वाशे ग्रॅमच्या आत राहील. रिळावरच्या दोऱ्याला बांधा, रीळ हातात उंच धरा आणि ड्रॅग आधी पूर्ण आवळून मग कणाकणाने सैल करत जा. चांगल्या रिळात एक जागा अशी येते की बाटली अलगद, एकाच वेगाने उतरायला लागते. वाईट रिळात ती लोंबकळत राहते, तुम्ही आणखी थोडं सैल करता, आणि धपकन खाली येते. मग पाणी तीनशेवर नेऊन पुन्हा बघा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

क्लिक-पॉलच्या रिळात हा प्रश्नच कमी. स्पूल काढून आत बघितलंत तर एक छोटं दातेरी चाक दिसेल, त्याच्या दात्यांत अडकलेला जवारीच्या दाण्याएवढा तिकोनी पॉल, आणि त्याला मागून दाबणारी पट्टीची स्प्रिंग. बस, एवढंच. पॉल एका दात्यावरून दुसऱ्या दात्यावर उडी मारतो, त्याचाच तो कर्रर्र आवाज. याचं मुख्य काम मासा थांबवणं हे नव्हेच. लाइन झटक्यात ओढली की स्पूल स्वतःच्या वेगाने जास्त फिरू नये आणि आत गुंता होऊ नये, हे त्याचं काम. माशाला जास्त अडवायचं असेल तर स्पूलच्या बाहेरच्या कडेला तळहात लावायचा. हा ब्रेक कोणत्याही ड्रॅगपेक्षा हुशार असतो, कारण तो तुमच्या हाताला जोडलेला असतो. मात्र कड उघडी असलेलंच रीळ हवं. पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे चौकटीने स्पूलची कड झाकलेल्या, बऱ्याच रिळांत तळहाताला कड मिळत नाही.

ही रचना जुनी आहे आणि म्हणूनच भरवशाची. चार्ल्स ऑर्व्हिस यांनी अमेरिकेत १८७४ साली अरुंद, भोकं पाडलेल्या बाजूंच्या रिळाचं पेटंट घेतलं; वजन कमी आणि लाइन हवेवर सुकते, हे दोन्ही फायदे त्या भोकांनी दिले, आणि आजच्या फ्लाय रिळाचा साचा बराचसा तोच आहे. इंग्लंडच्या हार्डी कंपनीचं ‘परफेक्ट’ रीळ १८९१ चं. ब्राउन ट्राउट काश्मीरच्या पाण्यात रुजली ती विसाव्या शतकाच्या तोंडावर आणि कुलूत त्यानंतर काही वर्षांनी, म्हणजे आपल्याकडे मासा यायच्या आधीच रीळ जवळपास तयार झालेलं होतं.

तर तीन नंबरला माझी पहिली पसंती क्लिक-पॉल. साधी, हलकी, बिघडलंच तर पेचकसाने दुरुस्त होणारी. डिस्क हवीच असेल तर हलक्या डिस्कलाही माझी ना नाही, फक्त बाटलीची परीक्षा तिने पास करावी. सीलबंद ड्रॅग खाऱ्या पाण्यासाठी असतो. हिमाचलच्या गोड्या, बर्फाळ पाण्यात त्याची गरज नाही, आणि सीलच्या रबराचं घर्षण हलक्या कामात उलट आडवं येतं. पाच नंबरचा रॉड घेऊन बियाससारख्या मोठ्या पाण्यात उतरणार असाल तर चांगल्या डिस्कचा विचार जरूर करा. तो वेगळा प्रश्न आहे.

आर्बरबद्दल थोडं. स्पूलचा मधला गाभा म्हणजे आर्बर. गाभा मोठा असेल तर एका फेऱ्यात जास्त लाइन येते. गुंडाळलेल्या लाइनचा व्यास ५ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात साधारण १५.७ सेंटिमीटर, ७ असेल तर २२. दहा मीटर लाइन गोळा करायला पहिल्यात चौसष्ट फेरे, दुसऱ्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस. दुसरा फायदा, लाइनला बारीक वेटोळ्यांची सवय लागत नाही. थंड पाण्यात बारीक वेटोळी पाण्यावर स्प्रिंगसारखी उभी राहतात आणि लाइन सरळ पडत नाही. तोटा असा की तेवढीच लाइन मावायला रीळ बाहेरून मोठं करावं लागतं. तीन नंबरला मधला आर्बर पुरे. फार रुंद स्पूलही नको. गुंडाळताना लाइन एका बाजूला ढिगाने चढते आणि मग ढासळते. अरुंद स्पूलवर ती आपोआप बसते.

आता माझ्या धंद्याची बाजू. रीळ दोन रीतींनी बनतं: डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, किंवा ॲल्युमिनियमच्या सळईतून मशीनवर कोरून काढलेलं. कोरलेलं पातळ आणि हलकं करता येतं, दगडावर पडलं तर वाकतं किंवा पोचा येतो. ओतलेलं जाड ठेवावं लागतं, आणि पडलं की तडकायची भीती. सुरुवातीला डायकास्ट वाईट नाही. बजेट तेवढंच असेल तर खुशाल घ्या, फक्त पुढच्या तपासण्या करा.

फ्रेम एका हातात धरा, स्पूलची कड दोन बोटांत पकडून पुढे-मागे हलवा. किंचित खेळ असतोच. खटखट वाजला तर रीळ ठेवून द्या. मग स्पूल जोरात फिरवा आणि डोळ्याच्या पातळीला धरून कड आणि फ्रेम यांच्यामधली फट बघा. फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. एका जागी रुंद, एका जागी बारीक अशी डोलत असेल तर स्पूल खरा फिरत नाही. आमच्या भाषेत रनआउट आहे. मूठ असलेली बाजू जड पडू नये म्हणून समोर छोटं वजन दिलेलं असतं. ते नसलं की वेगात रीळ हातात थरथरतं. कडेवरून बोट फिरवा, धारदार बर, म्हणजे मशीनिंगनंतर राहिलेली कंगोर, लागली तर ती तुमच्या लाइनचं आवरण सोलणार. शेवटी कानाजवळ धरून सावकाश फिरवा. खरखर ऐकू आली तर आत धातूचा चुरा आहे किंवा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, कोरडा आहे. चुरा असेल तर धुऊन निघतो, कोरडा असेल तर तेलाचा एक थेंब.

फटीबद्दल इतकंच: साध्या फ्लाय लाइनला ती अडचण नाही, तीन नंबरच्या लाइनचं टोकसुद्धा साधारण एक मिलिमीटरच्या जवळपास असतं. निम्फसाठी नुसत्या बारीक नायलॉनवर मासे धरणारे लोक आहेत, त्यांचा धागा पाव-अर्धा मिलिमीटरचा; तो फटीत शिरतो आणि अडकतो. त्यांनी पूर्ण फ्रेमचं रीळ घ्यावं.

आणि बेअरिंगची संख्या! ‘तीन अधिक एक’, ‘पाच अधिक एक’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात. फ्लाय रिळाची मूठ एकदा फिरवली की स्पूल एकदा फिरतो, मध्ये गिअर नाही, आणि वेग तो काय. इतक्या हलक्या कामाला नीट रीम केलेला ब्राँझचा एक बुश आयुष्यभर पुरतो. स्वस्तातली चार बेअरिंगं गंजून चिकटतात तेव्हा एकही नसती तर बरं झालं असतं असं वाटतं.

वाचलेले पैसे कुठे घालायचे? लाइनवर. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो आणि लोक ऐकत नाहीत, कारण रीळ चमकतं आणि लाइन चमकत नाही. पण फेकली जाते ती लाइन. रिळावर बचत करून चांगली लाइन घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी फेकतो. महागड्या रिळावर हलक्या प्रतीची लाइन म्हणजे दिवसभर नुसती झटापट. तीन नंबरला डबल टेपर, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होणारी लाइन, मला आवडते. ओढ्यात वीस-तीस फुटांच्या पुढे फेकायचं नसतं, ती हळुवार पडते, आणि एक टोक झिजलं की उलटी करून दुसरं वापरता येतं. मात्र तिला जागा जास्त लागते. रिळाच्या माहितीत क्षमता बहुधा वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढे जाड आणि मागे बारीक अशा लाइनची दिलेली असते. डबल टेपर भरणार असाल तर बॅकिंग कमी धरा, नाहीतर लाइन फ्रेमला घासेल.

बॅकिंग वीस पाउंडाचं डॅक्रॉन, पन्नास यार्ड, म्हणजे पंचेचाळीस मीटर, भरपूर झालं. तीर्थनची ट्राउट तिथपर्यंत पोचणार नाही. त्याचं खरं काम गाभा फुगवण्याचं. किती भरायचं हे अंदाजाने करू नका: आधी फ्लाय लाइन गुंडाळा, तिला बॅकिंग जोडा, कडेपासून पाच-सहा मिलिमीटर राहतील तेवढं भरून कापा. मग सगळं उलगडून उलट्या क्रमाने गुंडाळा, बॅकिंग आधी. अंगणात दोन झाडांना फेरे मारत उलगडलं की गुंता होत नाही. गुंडाळताना बॅकिंगला ओल्या फडक्यातून ताण द्या. सैल गुंडाळलेलं बॅकिंग वरच्या थरात रुतून बसतं आणि मग सुटत नाही.

उजव्या हाताने फेकत असाल तर रीळ डाव्या हाताने फिरणारं करून घ्या. बहुतेक रिळांत ते उलटवता येतं. क्लिक-पॉलमध्ये पॉल उलटा लावायचा, एवढंच.

राहिला रोहूचा प्रश्न, म्हणजे दुकानदाराचं खरं आमिष. शेततळ्यातली चार किलोची रोहू तीन नंबरच्या रॉडवर लागली तर मोठं रीळ असलं म्हणून वाचणार नाही. रॉडच तिच्यापुढे टिकत नाही. आणि टिकला तरी तासभर दमवलेला मासा सोडून दिल्यावर जगत नाही. रोहू, कटला, मरळ यांना सहा-सात नंबरचा रॉड आणि त्याचं वेगळं रीळ. तो खर्च आज करायची गरज नाही. तीन नंबरवर चिलापी खेळवा, मजा येते, आणि सरावही होतो. मालकाला विचारून शेततळ्यावर जा. धरणांतली मासेमारी ठेक्याने दिलेली असते, आणि जायकवाडीचा जलाशय तर पक्षी अभयारण्यच आहे.

सराव रानात करणार असाल तर एक पथ्य. काळ्या मातीची धूळ लाइनला चिकटते आणि तिच्यासोबत रिळात जाते, आणि ती पॉलिश पेपरसारखी घासते. गवतावर किंवा जुन्या सतरंजीवर लाइन पडू द्या. घरी आल्यावर स्पूल काढा, साध्या पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने दाते साफ करा, सुकल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब मधल्या दांड्याला. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. डिस्कच्या चकत्यांना तेल लावू नका, ड्रॅग घसरतो. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत रीळ ठेवायचं नाही. बाहेर बेचाळीस अंश असताना आत किती होतं ते तुम्हाला माहीत आहे. ग्रीस पातळ होऊन पसरतं आणि लाइनचं प्लास्टिकचं आवरण चिकट होतं. मग ती रॉडवरच्या कड्यांतून घसरत नाही, अडकत जाते.

परभणीहून सचखंड एक्सप्रेसने अंबाल्यापर्यंत जाणार असाल तर रॉड नळीत आणि रीळ अंगावरच्या पिशवीत ठेवा. सामानाखाली दबून फ्रेम वाकते ती अशाच प्रवासात. डिस्क ड्रॅग असेल तर प्रवासात आणि घरी ठेवताना सैल करून ठेवा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत. पुढे मंडी-कुलू रस्त्यावर औटला उतरून बंजारची गाडी धरायची. हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, त्यामुळे एप्रिलची वेळ ठीक आहे; मत्स्य विभागाचा परवाना मात्र काढावा लागतो. तो घेताना कोणत्या पट्ट्यात मासेमारी चालते आणि कुठे नाही, हे तिथेच विचारून घ्या. वरचा भाग ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कचा आहे, तिथे वेगळे नियम लागतात.